दाणीबाईंचा सरनौबत

बर्फ पडला की आमच्या गल्लीत पहिलं फावडं दाणीबाईंचं वाजायचं. सकाळचे सात वाजलेले असायचे, कुणाच्या गाडीवरचा बर्फसुद्धा झाडलेला नसायचा, आणि खर्र खर्र असा आवाज सुरू व्हायचा. मी खिडकीतून बघायचे. अंगात पुरुषी जाड कोट, डोक्याला कानटोपी, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कोटाखालून दोन बोटं डोकावणारा साडीचा काठ. बाकीचे शेजारी गाडी निघेल एवढी सगळी जागा मोकळी करत. बाई दारापासून रस्त्यापर्यंत फक्त एक वाट काढायच्या, फावड्याच्या रुंदीची. एक माणूस जाईल-येईल, एवढीच. मग फावडं भिंतीला टेकवून आत जायच्या. दिवसभरात त्या वाटेवर दुसऱ्या कुणाचं पाऊल उमटलेलं मला दिसायचं नाही.

हे इतकं बारकाईनं मला ठाऊक आहे, कारण त्या हिवाळ्यात खिडकीत उभं राहण्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं. दोन हजार एकच्या अखेरीला आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आलो. माझा नवरा मिलिंद सकाळी पावणेसातच्या ट्रेननं न्यूयॉर्कला जायचा आणि संध्याकाळी साडेसातला परतायचा. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला, त्यामुळे मला नोकरी करायला मनाई. सांगलीच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं केमिस्ट्री शिकवली होती. इथं मला कुणी मॅडम म्हणत नव्हतं, आणि मिलिंद घरी येईपर्यंत कुणी शुभदाही म्हणत नव्हतं.

बाईंची ओळख झाली ती मी पडले म्हणून. जानेवारीत एकदा त्यांच्या घरासमोर पाय घसरला आणि मी ‘आई गं!’ म्हणत आडवी झाले. दार उघडलं.

“कुठली गं तू?”

“सांगलीची,” मी बर्फात बसूनच सांगितलं.

“मी नागपूरची. उठ आता. हाड मोडलं असतं तर गावाचं नाव सांगत बसली नसती.”

त्यांनी मला आत नेलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या, त्यांतल्या तीन पुस्तकांनी भरलेल्या. एका खुर्चीवरचा ढीग उचलून त्यांनी जमिनीवर ठेवला. तो ढीग पुढची पाच वर्षं जमिनीवरच राहिला आणि ती खुर्ची माझी झाली. भिंतीवर एक मोठा नकाशा होता. तुर्कस्तान, सीरिया, इराक. त्यावर लाल टाचण्या आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत ताणलेला दोरा.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“माझा माणूस कुठं कुठं पळाला, ते.”

मला वाटलं, नवरा. मी काहीतरी सहानुभूतीचं पुटपुटले. बाई खो खो हसल्या. त्यांचं हसणं मोठं होतं, आणि ते सुरू झाल्यावर त्यांनाच त्याचं नवल वाटल्यासारखं एकदम थांबायचं. “अगं, माझा माणूस म्हणजे हजार वर्षांपूर्वीचा. बायझंटाईन साम्राज्याचा सेनापती. त्यानं राजाविरुद्ध बंड केलं. एकदा नाही, तीनदा.”

त्याचं ग्रीक नाव त्या अस्सल उच्चारात घ्यायच्या. मला ते कधी जमलं नाही. मग त्यांनीच तोड काढली. “तू त्याला सरनौबत म्हण. घोडदळाचाच माणूस होता. चालेल त्याला.”

तेव्हापासून आमच्या बोलण्यात तो सरनौबत झाला. “सरनौबत काय म्हणतोय आज?” मी आत शिरता शिरता विचारायचे आणि बाई एखाद्या नातेवाइकाची खुशाली सांगावी तसं सांगायच्या, “बगदादच्या तुरुंगात आहे अजून. सुटायला चार-पाच पानं लागतील.”

मालती दाणी नागपुरात इतिहास घेऊन एम.ए. झाल्या आणि लग्न करून इंजिनियर नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या. इथं पहिल्या वर्षी त्यांना एका ग्रीक बाईनं आपल्या डायनरमध्ये काम दिलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती बाई काउंटरवर कागदाचे रुमाल पसरून त्यांना ग्रीक अक्षरं शिकवायची. त्यातून चर्चमधलं जुनं ग्रीक, त्यातून जुन्या बखरी आणि त्यातून सरनौबत. पुढं विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी दाणींना कॅलिफोर्नियात मोठी नोकरी लागली. दाणी म्हणाले, सामान बांध. बाई म्हणाल्या, मी येत नाही. त्या काळातल्या मराठी मंडळींत याचा केवढा गवगवा झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दाणी गेले. बाई आणि अकरा वर्षांची अनघा राहिल्या. बाईंनी डॉक्टरेट मिळवली. पण कायमची जागा त्यांना कुठंच मिळाली नाही. कम्युनिटी कॉलेजात दरवर्षी नवा करार, दरवर्षी तोच जगाचा इतिहास, सुमेरियापासून पहिल्या महायुद्धापर्यंत पंधरा आठवड्यांत.

अनघा सोळाव्या वर्षी वडिलांकडे राहायला गेली. मी हे बाईंकडून ऐकण्याआधी गणपतीच्या कार्यक्रमात एका काकूंकडून ऐकलं. पुरणपोळीचं ताट हातात धरून त्या माझ्या कानाशी आल्या. “त्या दाणीबाईंकडे जातेस ना? पोरीला पाठवून दिलं हो तिनं. पुस्तक लिहायला मोकळं व्हायचं होतं.”

मला राग आला. पण पुढं एकदा विषय निघाला तेव्हा बाईच सहज म्हणाल्या, “हो. मीच पाठवलं तिला. तिकडच्या शाळा चांगल्या होत्या.” आणि चष्मा पुसू लागल्या.

शिकवताना त्या कशा दिसतात हे मला बघायचं होतं. दोन हजार चारच्या वसंतात मी त्यांच्या वर्गात बसायची परवानगी काढली. दुपारी दोनचा वर्ग. वीस-बावीस विद्यार्थी, त्यांत नर्सिंग करणाऱ्या मुली, सकाळची पाळी संपवून आलेले मेकॅनिक, दोन आज्या. बाई साडीवर कार्डिगन घालून उभ्या राहायच्या आणि त्यांचं नागपुरी वळणाचं इंग्रजी सगळे कान देऊन ऐकायचे. अभ्यासक्रमात बायझंटाईनला एकच तास होता. त्यातली पंचवीस मिनिटं त्यांनी सरनौबताला दिली.

त्या दिवशी त्यांनी घोड्याची गोष्ट सांगितली. गादीवर दोन कोवळे भाऊ, कारभार एका मंत्र्याच्या हातात, आणि पूर्वेकडच्या फौजेनं सरनौबताला आपला सम्राट म्हणून उचलून धरलेलं. राजधानी दोन हातांवर आलेली. तेव्हा दरबारानं त्याच्या जुन्या वैऱ्याला मठातून बाहेर काढलं आणि त्याच्यावर सोडलं. दोघं म्हातारपणाकडे झुकलेले सेनापती रणात समोरासमोर आले. सगळं सैन्य हात थांबवून बघत राहिलं. सरनौबताच्या डोक्यावर घाव बसला. त्याची माणसं त्याला झऱ्याकडे घेऊन गेली, जखम धुवायला. एवढ्यात त्याचा घोडा सुटला. रक्तानं माखलेला, पाठ रिकामी, आणि तो सैन्यातून उधळत गेला. सैनिकांनी घोडा ओळखला. धनी मेला असं समजून अख्खी फौज पळत सुटली.

वर्गात मागच्या बाकावर मार्कस नावाचा तिशीचा माणूस बसायचा. इराकहून नुकताच परत आलेला. तो कधी बोलत नसे. त्या दिवशी त्यानं हात वर केला.

“कुणी मागं जाऊन बघितलं का, तो खरंच मेलाय का?”

बाई फळ्यापासून वळल्या. खडू हातात तसाच. मग म्हणाल्या, “नाही. कुणी बघितलं नाही. आणि मिस्टर, तीस वर्षं मी हे वाचतेय, मलासुद्धा हा प्रश्न सुचला नाही.”

वर्ग सुटला तरी मार्कस बसून होता. बाई त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसल्या. मी दाराबाहेर थांबले. काय बोलले ते मला कळलं नाही. घरी येताना गाडीत बाई एवढंच म्हणाल्या, “त्याचा मित्र मागं राहून गेला तिकडं.” आणि मग चाळीसच्या रस्त्यावर पंचवीसच्या वेगानं गाडी चालवत राहिल्या. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. बाईंना भोंगे कधीच ऐकू यायचे नाहीत.

त्यांची नजर तेव्हापासूनच अधू होत चालली होती, हे मला उशिरा लक्षात आलं. दोन हजार पाचमध्ये त्यांनी मला विचारलं, “टायपिंग येतं का तुला?” पुस्तक पूर्ण होत आलं होतं, पण स्वतःचंच अक्षर त्यांना वाचता येईना. मी आनंदानं हो म्हणाले. माझ्या दुपारींना प्रथमच काही आकार आला. मी टाइप करायचे, त्या डोळे मिटून सांगायच्या. मध्येच उठून स्टोव्हवरची कॉफी दोन पेल्यांत ओतायच्या. वरणभातावर लिंबाऐवजी ग्रीक चीज कुस्करून खायच्या आणि मला म्हणायच्या, “तोंड काहून वाकडं करून राहिली? खाऊन तर बघ.”

पुस्तकाचं सातवं प्रकरण त्यांचा जीव की प्राण होतं. गोष्ट अशी: बगदादहून सुटून आल्यावर सरनौबतानं पुन्हा बंडाचं निशाण उभारलं. त्याच वेळी त्याच्या त्या जुन्या वैऱ्यानंही बंड पुकारलं. आता एकीकडे सम्राट, दुसरीकडे वैरी, मध्ये हा. अशा वेळी सरनौबताचा मुलगा बापाला सोडून सम्राटाकडे गेला. जुने इतिहासकार सांगतात, ही बापाचीच चाल होती. बाप एका गोटात, मुलगा दुसऱ्या गोटात. कुणीही जिंकलं तरी एकानं दुसऱ्यासाठी रदबदली करायची.

“सगळे हेच लिहितात,” बाई म्हणाल्या. “किती हुशार म्हातारा! पण मला नाही पटत. मुलगा स्वतःहून गेला. कंटाळला असेल बापाच्या बंडांना. सगळं लहानपण छावण्यांत आणि परक्याच्या तुरुंगात गेलं पोराचं. तो गेला. आणि बापानं मागाहून सगळ्यांना सांगितलं, मीच पाठवलं त्याला.”

“का सांगेल असं?”

“पोराला कुणी पळपुटा म्हणू नये म्हणून.”

मी टाइप करत होते. बोटं थांबली. बाईंचे डोळे मिटलेले होते. पुढचं वाक्य त्यांनी सांगितलं आणि मी ते टाइप केलं.

पुढच्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या एका गावी परिषद होती. बाईंचा निबंध स्वीकारला गेला, तोच सातव्या प्रकरणाचा. त्यांना आता गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी नेलं. मिलिंद म्हणाला, “आठ तास ड्राइव्ह करणार? एका निबंधासाठी?” मी म्हणाले, “हो.” मला वाटतं, लग्नानंतर मी इतकं छोटं उत्तर त्याला प्रथमच दिलं.

खोलीत सात माणसं होती, त्यांतली एक मी. बाईंनी गर्भरेशमी साडी नेसली होती. निबंध त्यांना वाचायचा नव्हताच, पाठ होता. वीस मिनिटं त्या भिंतीकडे बघत बोलल्या. संपल्यावर एक नामांकित प्राध्यापक उठले. गृहस्थ सौम्य होते, त्यांनी अपमान केला असं मी म्हणणार नाही.

“तुमचा विचार फार हृद्य आहे, डॉक्टर दाणी. पण याला पुरावा काय?”

“पुरावा नाही,” बाई म्हणाल्या. “पण बाप-लेकातली ही मसलत खासगी होती ना? मग ती इतिहासकाराला कळली कशी? कुणीतरी सांगितल्याशिवाय कळेल का? सांगणारा बापच असणार.”

प्राध्यापक हसून म्हणाले, “किंवा बापानं खरोखरच पाठवलं असेल.” आणि घड्याळाकडे बघून त्यांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

परतीच्या वाटेवर दुपारी पेनसिल्व्हेनियात एका विश्रांतिस्थळी आम्ही थांबलो. बाहेरच्या लाकडी बाकावर बसून डब्यातले धपाटे खाल्ले. वारा गार होता. मालट्रकांच्या रांगेकडे तोंड करून बाई बोलू लागल्या.

“अनघाला मी पाठवलं नाही, शुभदा. तीच म्हणाली, मला बाबांकडे जायचंय. जेवता जेवता म्हणाली. मी म्हटलं, बरं. तिची बॅग मी भरली. कपड्यांना इस्त्री केली. विमानतळावर सोडलं. सगळ्यांना सांगितलं, मीच पाठवली. नाहीतर लोक म्हणाले असते, पोरगीसुद्धा आईला सोडून गेली. मला काय बोलतील त्याचं मला वाटत नव्हतं. पण तिला म्हणाले असते.”

“अनघाला हे माहीत आहे?”

“सांगायचं कशाला? तिलाच तर माहीत असणार, ती स्वतःहून गेली ते.”

त्यांनी धपाट्याचा उरलेला तुकडा रुमालात बांधला आणि गाडीकडे चालायला लागल्या. गाडी कुठली ते त्यांना दिसत नव्हतं. भलत्याच गाडीचं दार त्या ओढत राहिल्या. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. घरी सोबत कुणी हवं, असं डॉक्टर म्हणाले. मी करणारच होते, पण बाईंनी फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाच्या जागी अनघाचं नाव लिहिलं होतं आणि दवाखान्यातून तिला फोन गेला. ओरेगॉनहून ती आठ दिवसांची रजा काढून आली. अडतीस वर्षांची, उंच, आखूड केस, बाईंसारखंच रुंद कपाळ. पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मराठी तिला कळायचं सगळं, पण उत्तर ती इंग्रजीत द्यायची.

तिनं घर दोन दिवसांत लख्ख केलं. औषधांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. आईशी ती अदबीनं वागायची, एखाद्या चांगल्या नर्सनं वागावं तशी. बाई तिला दर तासाला विचारत, “काही खाशील?” आणि ती म्हणे, “आय ॲम फाइन, आई.” दोघींचं एवढंच बोलणं.

पाचव्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले होते. बाईंच्या डोळ्यावर पट्टी. छापलेल्या पानांचा गठ्ठा टेबलावर होता. बाई म्हणाल्या, “अनघा, यातलं सातवं प्रकरण मला वाचून दाखव. चुका बघायच्या राहिल्यात.”

मी चपापले. चुका मी दोनदा बघितल्या होत्या. बाईंनी ते मुद्दाम केलं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

अनघा वाचू लागली. स्पष्ट, कोरड्या आवाजात, एखादा अहवाल वाचावा तसं. सैन्य, छावणी, दोन गोट. मग मुलगा बापाचा तळ सोडून निघाला ते पान आलं. बापानं त्याच्यासाठी घोडा तयार करवला असेल, शिदोरी बांधवली असेल, आणि निघताना त्याला थांब म्हटलं नसेल, असं बाईंनी लिहिलं होतं. अनघाचा आवाज मंदावला. मग थांबलाच.

“हे माझ्याबद्दल आहे का?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“दहाव्या शतकातलं आहे ते,” बाई म्हणाल्या.

“तू माझी बॅग भरलीस, आई. मी वर झोपायला गेले आणि सकाळी उठले तर बॅग दारात. इस्त्रीचे कपडे, वरती नावाची चिठ्ठी.”

“तूच म्हणालीस, जायचंय.”

“आय वॉज सिक्स्टीन, आई. तू नाही म्हणशील, म्हणून मी ते म्हणाले. बाकीचं सगळं मला नंतर लोकांनी सांगितलं. तू मला पाठवलंस, पुस्तकासाठी. नागपूरची मावशीसुद्धा फोनवर हेच म्हणाली.”

बाईंचा चेहरा पट्टीमुळे अर्धाच दिसत होता. हात टेबलावर काहीतरी शोधत होता. पेला असेल, किंवा अनघाचा हात असेल. तो मध्येच थांबला.

“मला वाटलं, अडवलं तर तुला जाताना जड जाईल.”

अनघानं पानं एकावर एक नीट रचली. कडा जुळवल्या. तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज तसाच होता. “चाळीस पानं लिहिलीस यावर. एक फोन केला असतास.”

ती उठून मागच्या अंगणात गेली. मी डबा ओट्यावर ठेवला आणि निघाले. आपण तिथं असायला नको होतं, असं मला फार वाटलं. उरलेले तीन दिवस मी त्या घराकडे फिरकले नाही. खिडकीतून एवढं दिसलं की एकदा दोघी हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेल्या. अनघानं आईचं कोपर धरलं होतं. दोघी बोलत होत्या का, ते लांबून कळलं नाही. मग एका सकाळी टॅक्सी आली आणि अनघा गेली.

त्यानंतरच्या वर्षी मिलिंदला नॉर्थ कॅरोलिनात काम मिळालं आणि आम्ही मॉरिसव्हिलला गेलो. मला वर्क परमिट मिळालं, एका प्रयोगशाळेत नोकरीही. बाईंना फोन करायचे, पण दर आठवड्याचा फोन दर महिन्यावर आला. त्यांनी घर विकलं आणि पार्सिपनीजवळ ज्येष्ठ नागरिकांच्या एका इमारतीत खोली घेतली. फोनवर म्हणायच्या, “सगळे म्हातारे आहेत गं इथं. मी कुणाशी बोलू?” त्या तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात मी न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा त्यांना भेटले. खोली लहान, टापटीप. खुर्च्या दोन, दोन्ही रिकाम्या. पुस्तकं बरीचशी वाचनालयाला देऊन टाकली होती. त्यांनी मला जवळ बसवून माझ्या तोंडावरून हात फिरवला. डाव्या डोळ्यानं थोडं दिसत होतं, उजव्यानं जवळजवळ नाहीच.

“पुस्तकाचं काय झालं?” मी विचारलं.

“एक छोटा प्रकाशक छापून राहिला आहे. वसंतात येईल म्हणतो.” मग म्हणाल्या, “सातवं प्रकरण काढलं मी.”

माझा विश्वास बसेना. “का? तेच तर तुमचं स्वतःचं होतं!”

“तो प्राध्यापक बरोबर होता. पुरावा नाही. बापानं पाठवलंच असेल त्याला.” त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. “आणि पाठवलं नाही, तरी अडवलं नाही ना. पोराला त्यात काय फरक कळणार?”

मी त्यांचा हात हातात घेतला. हात अजून फावडं धरणाऱ्या माणसाचा होता, कडक आणि गरम.

“मग ती पानं कुठं आहेत?”

“अनघाला पाठवली. सोबत पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात. तिला वाचता येतं मराठी, मीच शिकवलं होतं. तीन पानी झालं पत्र.”

“कधी पाठवलं?”

“ऑगस्टात.”

“फोन येतो तिचा?”

“येतो की. दर रविवारी. हवा कशी आहे विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. पत्राचं ती काढत नाही, मीही काढत नाही. लिहिलेल्याचं उत्तर लिहूनच यायला पाहिजे. टपालाला वेळ लागतो.”

ओरेगॉनहून पत्र यायला किती दिवस लागतात, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला, माझ्या नोकरीबद्दल विचारलं, मिलिंदच्या ट्रेनबद्दल विचारलं. तिकडं ट्रेन नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग बरं झालं. उजेडात घरी येत असेल.” निघताना पाया पडले. “ये गं पुन्हा,” म्हणाल्या. खाली सोडायला येऊ नका, असं मी दोनदा सांगितलं.

पार्किंगमध्ये गाडीत बसून रस्ता शोधत होते, तेवढ्यात बाई खाली आलेल्या दिसल्या. अंगणात ऊन होतं. मला वाटलं, मला काही द्यायचं राहिलं. मी काच खाली केली. पण त्या माझ्याकडे येत नव्हत्या. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग होती, तिकडे त्या कठड्याला धरून गेल्या. बोटांनी पेट्या मोजल्या, तिसऱ्या ओळीतली चौथी, आणि किल्ली लावून झाकण उघडलं. आत काही नव्हतं. मला लांबूनही दिसत होतं, नव्हतं. बाईंनी हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि मागच्या भिंतीपर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यातून, सावकाश चाचपून बघत राहिल्या.